वाकलेला माणूस आणि बांधावरचा माणूस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दर वर्षी भरते, त्यांनी आमच्या पिढीला पवनेच्या डोहात पोहायला शिकवले. आजचे पवनेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे विधान दंतकथेसारखे वाटेल. परंतु त्या काळी घाटाच्या पायरीवरून उडी घेतली तर तळाचे गोटे दिसत असत, याला साक्ष देणारी दोन-चार माणसे या सभागृहात अजून बसलेली आहेत. गुरुजींचा एक शिरस्ता होता. दहा मुले पाण्यात उतरली तर अकरावा कोरडा राहून खडकावर उभा राही आणि त्याने डोकी मोजत राहावे असा हुकूम असे. ज्याची ती पाळी येई तो रडकुंडीला येई, कारण बाकीचे डुंबत असताना आपण मात्र कारकुनासारखी मोजदाद करायची, यासारखी शिक्षा त्या वयात दुसरी नाही. एकदा आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने विचारले, "गुरुजी, पाण्यात शार्क आला तर?" गुरुजी म्हणाले, "खडकावरच्याला विचार." आम्ही हसलो. उत्तर टाळण्याची ही मास्तरी युक्ती आहे, असा माझा पुढे कित्येक वर्षे समज होता.

यंदा चिटणिसांनी मला विषय कळवला तो 'हिंस्र प्राण्याच्या हल्ल्यात स्वसंरक्षण'. माझा त्या विषयावर अधिकार काय, असे मी त्यांना विचारले. मी काही शिकारी नव्हे की प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. माझी सारी नोकरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या सुरक्षिततेचे खाते सांभाळण्यात गेली, आणि माझ्या अनुभवातले हिंस्र प्राणी म्हणजे पत्रा दाबणारे प्रेस आणि उलट्या येणाऱ्या मालमोटारी. यावर चिटणीस म्हणाले, "म्हणूनच." या एका शब्दाच्या आधारावर मी आज आपल्यासमोर उभा आहे.

मूळ प्रश्न शार्कचा होता, म्हणून आरंभ तेथूनच करतो. चिंचवडपासून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो हे खरे. शार्कला आपल्या किनाऱ्यावर मुशी म्हणतात, मोरीही म्हणतात. माणसाने मुशीला खाल्ल्याची उदाहरणे कोकणात रोज दुपारी ताटात दिसतात; मुशीने माणसाला तोडल्याचे उदाहरण मात्र शोधून काढावे लागते. तरीही ते अगदीच नाही असे नव्हे. 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीसाठी उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा लचका एका मोठ्या मुशीने तोडला. समुद्र सोडून खाडीत, आणि खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यात चढणारी बुल शार्क नावाची एक जात जगभर प्रसिद्ध आहे. तिला खारे आणि गोडे असा विधिनिषेध नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अशा हल्ल्यांचे जागतिक दफ्तर ठेवले जाते, आणि त्यातील नोंदी पाहता माणसाने काही खोडी न काढता झालेले दंश साऱ्या पृथ्वीवर मिळून वर्षाकाठी साठ-सत्तरच्या आसपास असतात. त्यांतले प्राणांतिक फारच थोडे. पुणे-नाशिक रस्त्यावरून दररोज दुचाकीने कामावर जाणाऱ्याने शार्कचे भय बाळगणे म्हणजे पुरात उभे राहून विस्तवाची चिंता करण्यासारखे आहे.

पण भय अनाठायी असले तरी त्यावरचा उपाय अभ्यसनीय आहे. मुशीच्या मुस्कटावर बारीक छिद्रांचे जाळे असते. 1678 साली लोरेंझिनी नावाच्या इटालियन वैद्याने त्यांचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. भक्ष्याच्या स्नायूंच्या हालचालीतून निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह या छिद्रांतून तिला जाणवतो. पृष्ठभागावर हातपाय झाडणारा, पाणी खळबळवणारा मनुष्य तिला मनुष्य म्हणून कळतच नाही. जखमी मासा जसा तडफडतो तसा काहीतरी पदार्थ तडफडतो आहे एवढेच कळते. म्हणून जाणते लोक सांगतात की धडपड करू नये, तिच्याकडे तोंड करून राहावे, नजर सोडू नये, पाठीशी खडक किंवा नावेची बाजू घ्यावी म्हणजे ती एकाच दिशेने येऊ शकेल, आणि सावकाश, पाणी न उडवता काठाकडे सरकावे. ती अंगावर आलीच तर हाती असेल त्या वस्तूने डोळ्यांवर आणि कल्ल्यांवर प्रहार करावा, कारण तेवढीच स्थाने कोमल असतात. नाकावर ठोसा मारण्याचा जो उपदेश चित्रपटांनी लोकप्रिय केला आहे त्यात एक अडचण आहे: पाण्यात हाताचा नेम चुकतो, आणि नाकाच्या खालीच तोंड असते. दंश झाला असेल तर काठावर येताच, इस्पितळाची वाट न पाहता, जखमेवर कपडा घट्ट दाबून रक्त थांबवावे. कारण माणूस दगावतो तो बहुधा रक्तस्रावाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने आपल्या खलाशांना तांब्याचा क्षार आणि काळा रंग यांची एक वडी दिली होती; ती पाण्यात विरघळली की शार्क पळेल अशी कल्पना. शार्कवर तिचा भरवशाचा परिणाम झाला नाही. खलाशाच्या मनावर झाला, आणि सरकारी योजनांच्या यशाचे हे प्रमाण काही वाईट म्हणता येणार नाही.

या साऱ्या उपदेशात मला मात्र एक उणीव जाणवते, आणि ती दाखवायला अठराव्या शतकातले एक उदाहरण देतो. 1749 साली हवानाच्या बंदरात ब्रूक वॉटसन नावाचा चौदा वर्षांचा एक पोरका मुलगा एकटा पोहत असताना शार्कने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तोडला. हा मुलगा जगला, लाकडी पायाने चालला आणि पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला. कोपली या चित्रकाराने 1778 मध्ये त्या प्रसंगाचे मोठे चित्र रंगवले. त्या चित्रात मुलगा स्वतः काहीही करीत नाही. तो उताणा, असहाय, पाण्यात तरंगतो आहे. जे काही करायचे ते नावेतली माणसे करीत आहेत. दोघे वाकून हात पुढे करतात, एकाने दोर टाकला आहे, एक जण नावेच्या टोकावर उभा राहून आकडीचा भाला रोखतो आहे. 'स्वसंरक्षण' या शब्दातला जो 'स्व', तो या चित्रात कुठे आहे? मला तो नावेत दिसतो.

आता सह्याद्री चढून आपल्या मुलखात येऊ. येथील शार्क म्हणजे बिबट्या. 2022 च्या मार्च महिन्यात चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढण्यात आले, वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे पथक आले, आणि काही तासांनी त्याला भूल देऊन सुखरूप नेण्यात आले. कोणालाही ओरखडा उठला नाही. जर्मन मोटारींच्या सांगाड्यांमधून पिवळे-काळे जनावर फिरते आहे, या चित्राने तेव्हा सर्वांची करमणूक झाली. पण खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांतील माणसाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांनी पाणी आले, पाण्याने ऊस आला, आणि वर्ष-दीड वर्ष हालचाल न होणारे ते हिरवे रान बिबट्याने आपले घर मानले. त्याच्या माद्या आज उसातच वितात. चाकणच्या बाजूने पाहिले तर आपणही आपला वाटा उचलला आहे. जेथे कामगारांच्या खोल्या, टपऱ्या आणि खाणावळी वाढल्या तेथे उकिरडे वाढले, उकिरड्यांनी कुत्री वाढली, आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते अन्न आहे. संशोधिका विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांची वस्ती असलेल्या शेतमुलखात, शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. आणि त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

येथे सर्वांच्या मनात येणारा उपाय म्हणजे पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. हा उपाय करून झालेला आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. याच अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसले की त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती, ती सतरा झाली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे जनावर येते. आमच्या कारखान्यातही एका यंत्रावर वारंवार अपघात होऊ लागले की व्यवस्थापक प्रथम माणूस बदलीत असे. अपघात यंत्राबरोबर राहत, आणि बदललेला माणूस दुसऱ्या यंत्रावर नवे अपघात करी. लोकांचा संताप मला कळत नाही असे नाही. ज्या घरातले मूल ओढून नेले त्या घराला सरासरीचे आकडे सांगणारा मनुष्य निर्लज्ज होय. राज्य शासन मृताच्या वारसांना 25 लाख रुपये देते. पंचनामा, दाखला, वारसाची जबानी असे सर्व सोपस्कार होऊन ती रक्कम येते, आणि तिने काय भरून निघते ते ज्याचे त्याला ठाऊक.

मग बिबट्या समोर आला तर काय करावे? सुरुवात त्याच्या दृष्टीतून करायला हवी. बिबट्याचे भक्ष्य कोण? कुत्रा, शेळी, वासरू, डुक्कर: सारी चार पायांवर चालणारी, जमिनीशी समांतर, कमरेइतक्या उंचीची. दोन पायांवर ताठ उभी असलेली आकृती त्याच्या यादीत नाही. तिच्याशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे आणि तो भीतीचा आहे. म्हणून उभे राहावे. पळू नये, कारण पळणारी वस्तू हे भक्ष्य, एवढे तर घरचे मांजरही जाणते. पाठ दाखवू नये. सुंदरबनात मध वेचणाऱ्यांना व लाकूडतोड्यांना 1980 च्या दशकात डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले गेले, आणि काही काळ तरी वाघ त्या दुतोंडी माणसांपासून दूर राहिले. त्यामागचे तत्त्व हेच. हात वर करावेत, अंगातला सदरा किंवा घोंगडी असेल तर ती डोक्यावर उंच धरावी, म्हणजे आकृती मोठी दिसते. मोठ्याने बोलावे, ओरडावे, आणि त्याच्यावर दृष्टी ठेवून सावकाश मागे सरकावे. बरोबर मूल असेल तर त्याला अंगाशी घ्यावे, पण त्यासाठी आपण फार वेळ वाकून राहू नये. दुचाकीवर असाल तर थांबून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. माझ्या मते हा या युगातला सर्वांत अवघड संयम आहे. आणि त्याला निघून जायला वाट ठेवावी. विहिरीत, घरात किंवा उसाच्या तुकड्यात सापडलेल्या बिबट्याभोवती शेदोनशे माणसांनी कडे केले की तो जो हल्ला करतो तो शिकारीचा नसतो, सुटकेचा असतो. अशा वेळी गावकऱ्यांइतकेच वनरक्षकही जखमी होतात. गर्दी हटवण्याचा बंदोबस्त करावा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर इत्तला द्यावी.

झडप पडलीच तर? बिबट्या गळा किंवा मान धरतो. हनुवटी छातीशी दाबावी, दोन्ही हात मानेभोवती घ्यावेत, शक्य तोवर पालथे पडू नये, आणि काठी, दगड, विळा, जेवणाचा डबा, जे हाती असेल त्याने डोळे-नाक लक्ष्य करून प्रतिकार करावा. मेल्याचे सोंग घेण्याची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकली ती अस्वलाची होती. बिबट्यासाठी ती नाही. सुटका झाल्यावर जखम लहान दिसली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी. नखांच्या जखमा खोलवर पू धरतात, म्हणून घरगुती हळदीवर भागवू नये.

कायद्याविषयीही एक गैरसमज आहे. बिबट्याला हात लावला तर तुरुंग, म्हणून मरण पत्करावे, असे लोक खरोखर बोलतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे 11 वे कलम असे सांगते की स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही बचावासाठी सद्‌भावनेने वन्य प्राण्याला मारणे अथवा जखमी करणे हा गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तो मनुष्य स्वतः कायदा मोडीत असता कामा नये, आणि मेलेले जनावर सरकारजमा होते. या कलमाच्या शब्दांत माझे लक्ष 'दुसऱ्या कोणाच्याही' या शब्दांवर खिळते. कायदा लिहिणारालाही ठाऊक होते की बचाव पुष्कळदा दुसराच करतो.

मघाशी चाकणचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. 1660 साली शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर लोकांनिशी तो भुईकोट सुमारे पंचावन्न दिवस झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला गेला. आपण शौर्याचे गोडवे गातो ते योग्यच आहे. पण पंचावन्न दिवस किल्ला लढतो याचा अर्थ बुरुजावर पंचावन्न रात्री कोणीतरी जागा होता. त्या जागणाऱ्यांची नावे बखरीत नाहीत.

माझ्या खात्यात एक नियम होता. रसायनाच्या टाकीत साफसफाईसाठी माणूस उतरला की बाहेर दुसरा माणूस उभा असलाच पाहिजे. त्याने काहीही करायचे नाही. आतल्या माणसाकडे पाहायचे, त्याच्याशी बोलत राहायचे, आणि उत्तर आले नाही तर घंटा वाजवायची. स्वतः आत उडी घ्यायची नाही, हेही त्याला बजावलेले असे. दर वर्षी हिशेबनीस मला विचारीत की या निरुद्योगी माणसाला पूर्ण पगार कशाबद्दल? मी दर वर्षी तेच उत्तर देई की त्याचा पगार हा आतल्या माणसाच्या श्वासाचा खर्च आहे. त्याची हजेरी लागत असे. इतरांसारखीच, पूर्ण आठ तासांची.

निवृत्तीनंतर, दोन हिवाळ्यांपूर्वी, आंबेगाव तालुक्यात ऊसतोडणीच्या एका तळावर मला कोणीतरी बोलायला नेले. गळिताचा हंगाम होता. मराठवाड्यातून आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्यांच्या कोप्या उसाच्या फडाला लागूनच उभ्या होत्या. दाराला पाचटाचा पडदा, आणि आत मुले. आठवड्यापूर्वी जवळच्या फडात बिबट्याची पिले सापडली होती, आणि वनखात्याच्या लोकांनी ती रात्री तेथेच ठेवून आई त्यांना घेऊन जाईल अशी तजवीज केली होती. तशी ती घेऊनही गेली होती. मी आज आपल्यासमोर सांगितले ते सारे त्यांना सांगितले. आकृतीचा सिद्धान्त समजावला. बसलेला, वाकलेला, उकिडवा माणूस त्याला शेळीसारखा दिसतो, म्हणून ताठ उभे राहा, असे मी दोन-तीनदा बजावले. मागे बसलेली एक बाई, कडेवरचे मूल दुसऱ्या बाजूला घेत, म्हणाली,

"साहेब, उभं राहून ऊस तोडता येतो व्हय?"

कोणी हसले नाही. ऊस बुडख्याशी तोडावा लागतो. वर सोडलेले पेर म्हणजे वजनात घट, आणि मजुरी टनावर. तोडणी करणारी बाई पहाटे अंधारात फडात शिरते ती दुपारपर्यंत कमरेत वाकलेलीच असते. गवत कापणारी बाई वाकलेली असते, खुरपणारी उकिडवी बसलेली असते, आणि आडोशाला गेलेला माणूसही बसलेलाच असतो. माझा सारा उपदेश ज्यांना उभे राहून काम करण्याची सोय आहे अशांसाठी होता, हे मला साठी उलटल्यावर एका फडात कळले. मी तिला उत्तर दिले नाही. माझ्याजवळ ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा उजाडत होते. फडात कोयत्यांचा आवाज सुरू झाला होता, आणि बांधावर एक म्हातारी, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन, एका हातात स्टीलचे ताट आणि दुसऱ्या हातात पळी धरून उभी होती. थोड्या थोड्या वेळाने ती ताट वाजवी, उसाच्या शेंड्यांवरून नजर फिरवी, आणि वाकलेल्या सुनांची नावे एकेक करून घेई. आतून हुंकार आला की पुढचे नाव. मी मुकादमाला विचारले, ही आजी कोण. तो म्हणाला, कोणी नाही, जोडीबरोबर आली आहे. तिची मजुरी किती, असे विचारले तेव्हा त्याने खिशातली हजेरीची वही काढून मला दाखवली. तीत तिचे नाव नव्हते, कारण ती ऊस तोडत नाही.